फ्युरी सव्वा क्विंटल, मार्सियानो ८५ किलो

काल जिनिंगवर कापसाचा नंबर लावून ट्रॅक्टरवर बसलो होतो. पुढं वीसेक गाड्या, काटा मुंगीच्या चालीनं चाललेला. सोबतच्या मित्रानं खर्रा घोटता घोटता जुनंच उकरून काढलं, "सांग बे, टायसन फ्युरी अन् रॉकी मार्सियानो लढले असते तं कोन जितला असता?" दोघंही हेवीवेट बॉक्सर, पण फ्युरी आत्ताचा आणि मार्सियानो १९५०च्या दशकातला.

मी म्हटलं, काट्यावरच बसलो आहोत तर आधी वजन करू. २०२४च्या डिसेंबरात फ्युरी १२७ किलोच्या आसपास भरला होता, म्हणजे सव्वा क्विंटल. मार्सियानो ८५च्या आतबाहेर. मधला फरक युरियाच्या बॅगेपेक्षा दोन-तीन किलोच कमी. उंचीतही जवळपास फुटाचं अंतर. मार्सियानो ४९ लढतींत एकदाही हरला नाही, त्यातल्या ४३ नॉकआउट. त्याच्याबद्दल आदर आहे म्हणूनच ही लढत मला बघायची नाही. (वजनच सगळं असतं तर ९१ किलोच्या गटातून वर आलेल्या युक्रेनच्या उसिकनं फ्युरीला एकाच वर्षात दोनदा हरवलं नसतं, हेही खरं. पण उसिकसुद्धा शंभरी ओलांडूनच उतरला होता.)

मित्र म्हणे, "मंग कम्प्युटरले इचार." तेही करून झालंय, भाऊ! १९६९ मध्ये मार्सियानो आणि मुहम्मद अली यांना खरंच रिंगमध्ये उतरवून कम्प्युटरच्या हिशेबानं लढतीचं चित्रीकरण केलं होतं. मार्सियानो निवृत्त होऊन १३ वर्षं झालेली. त्यानं वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. अलीवर तेव्हा बंदी होती. शेवट एक नाही, बरेच शूट केले आणि निकाल दोघांनाही सांगितला नाही. मार्सियानोला तो कधी कळलाच नाही, ३१ ऑगस्टला विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत दाखवलं तेव्हा १३व्या फेरीत मार्सियानोनं अलीला आडवं केलं. युरोपातल्या थिएटरांत मात्र अली जिंकला! जसं गिऱ्हाईक तसा निकाल. आपल्या पानठेल्यावर तरी दुसरं काय होतं? ज्याचं पोस्टर ज्याच्या खोलीत होतं, त्याचाच पैलवान जिंकतो. शंकरपटाचं (बैलजोड्यांच्या शर्यतीचं) बरं आहे, तिथं जोडीला घड्याळ असतं.

मी अडकतो तो त्या १३व्या फेरीवर. १९५२ मध्ये मार्सियानो चॅम्पियन झाला तोही १३व्या फेरीत. गुणांवर तेव्हाचा चॅम्पियन वॉलकॉट पुढं होता, एका उजव्या ठोशानं सगळं फिरलं. तेव्हा फेऱ्या १५ असायच्या. १९८२ मध्ये किम दुक-कू हा कोरियन बॉक्सर लढतीनंतर दगावला आणि मग हळूहळू १२ फेऱ्या झाल्या. आजच्या नियमात ती १३वी फेरीच नाही, म्हणजे त्या रात्री वॉलकॉट चॅम्पियन राहिला असता. मनिलात १९७५ मध्ये अली आणि फ्रेझर १४ फेऱ्या एकमेकांना कुटत होते. त्यातल्या शेवटच्या दोन आज कोणाला बघायला मिळाल्या असत्या? म्हणून कोण जिंकेल विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, कोणाच्या नियमानं?

आता माझी आवडती जोडी. १९६७चा अली आणि १९८८चा माईक टायसन. वजनात दोन-तीन किलोचाच फरक, म्हणून ही लढत मला पटते. टायसननं त्या वर्षी स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं, त्यामुळं पहिल्या तीन-चार फेऱ्या अलीसाठी जिवावरच्या. पण टायसनला आत घुसावं लागतं. १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला जॅबवर (पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर) लांब ठेवलं, जवळ आला की मिठी मारली, आणि दहाव्या फेरीत खाली बसवलं. अलीचे पाय डग्लसपेक्षा कितीतरी हलके, जॅबही. फोरमनची मान तो कशी दाबून धरत होता ते १९७४च्या लढतीत बघा. १५ फेऱ्या द्या, अकराव्या-बाराव्यात अली.

मित्र टायसनवाला. बराच वेळ गप्प राहिला. आमची गाडी काट्यावर चढली तेव्हा म्हणे, "पटलं ना भाऊ तुहं. फकस्त फेऱ्या चारच ठेव."