फताटेवाडीची वीज आणि महापालिकेचं बिल

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: शहराच्या उशाशी फताटेवाडीत एनटीपीसी या केंद्र सरकारच्या कंपनीचं एवढं मोठं वीज केंद्र असताना महापालिका आपली कार्यालयं, शाळा, दवाखाने यांच्यासाठी महावितरणची महाग वीज घेते, तीही टेंडर न काढता. एनटीपीसीकडून थेट घेतली तर बिल निम्म्यावर येईल, पण मग साहेबांचं कमिशन बुडेल.

टेंडरचा मुद्दा आधी निकालात काढू. सोलापुरात वीज वितरणाचा परवाना महावितरणकडे आहे. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी आहेत, तसं इथे नाही. शिवाय दर महावितरणही मनानं लावत नाही. विद्युत कायदा 2003 नुसार ते राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, आधी जाहीर सुनावणी घेऊन. सरकारी आणि पालिकेच्या शाळा-दवाखान्यांना एक वर्ग, पाणीपुरवठ्याला दुसरा, पथदिव्यांना तिसरा. छापील दरात घासाघीस नाही, तर त्या दरात कमिशन कुठून निघणार?

आता फताटेवाडी. 660 मेगावॉटचे दोन संच, एकूण 1320 मेगावॉट. पहिला 2017 ला सुरू झाला, दुसरा 2019 ला. पण ही वीज सोलापूरची नाही. केंद्र सरकारच्या वाटपानुसार ती महाराष्ट्रासह पश्चिम भारतातल्या वीज कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी जाते. महावितरण त्यांतलीच एक. केंद्राची धुराडी आपल्याला दिसतात म्हणून गेटवर जाऊन वीज मागता येत नाही. आणि ती स्वस्त असेल हे तरी कुणी ठरवलं? सोलापुरात कोळसा निघत नाही, तो शेकडो किलोमीटरवरून रेल्वेनं येतो आणि भाडं युनिटच्या खर्चात चढतं. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्रांची वीज यापेक्षा स्वस्त पडते.

मग दुसरीकडून घेता येतच नाही का? येते. मेसेज लिहिणाऱ्यानं ‘ओपन अ‍ॅक्सेस’ (मोठ्या ग्राहकानं महावितरणच्या तारांतून दुसऱ्या उत्पादकाची वीज घेण्याची मुभा) वाचलं असतं तर त्याच्या बाजूनं बोलायला काहीतरी मिळालं असतं. 2022 च्या केंद्रीय नियमांनी सौर-पवन अशा हरित विजेसाठी या मुभेची किमान एक मेगावॉट मागणीची अट शंभर किलोवॉटवर आणली. पण वीज ज्या तारांतून येणार त्यांचं भाडं, म्हणजे पारेषण आणि वहन आकार, द्यावं लागतं, वर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे स्वस्त दराच्या ग्राहकांसाठी मोठ्यांकडून घेतला जाणारा वाटा. कागदावरची बचत इथेच झिजते. त्यातून पाणीपुरवठ्याचा दर व्यापारी दरापेक्षा मुळातच बराच कमी, त्यामुळे व्यापारी ग्राहकाला जेवढं सुटतं तेवढं पालिकेला सुटणार नाही.

मेसेजमधली मोठी गफलत तर वेगळीच आहे. त्याला दिवे-पंखे दिसतात, पंप दिसत नाहीत. इंद्रभुवनातले, म्हणजे पालिकेच्या मुख्यालयातले एसी रात्रभर चालू राहिले तरी उजनीहून शंभरावर किलोमीटर पाणी ढकलणाऱ्या पंपांची बरोबरी करणार नाहीत. टाकळीच्या पाणी योजनेचे पंप आणखी वेगळे. शहराला पाणी काही दिवसांआड का मिळतं हा वाद स्वतंत्र, पण जेवढं येतं तेवढं विजेवरच येतं.

टेंडर लागतं ते छतावरच्या सोलरला, आणि त्यासाठी आग्रह जरूर धरावा. शाळा-कार्यालयं दिवसाच चालतात, उन्हाची तर आपल्याकडे ददात नाही. मे महिन्यात शाळा बंद असल्या तरी नेट मीटरिंगमुळे (तयार झालेली आणि वापरलेली वीज यांची वजावट) जादा युनिट पुढच्या बिलात वळते होतात. अर्थात, पंपांचं बिल गच्चीवरच्या पॅनेलांनी फिटणार नाही.

कमिशनचा संशय आहेच, तर माहिती अधिकारात पंपगृहांची बारा महिन्यांची बिलं मागवा. करार केलेली मागणी किती आणि प्रत्यक्ष लागली किती? पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामी आलेली किती, तो किती? पंपगृहांसारख्या उच्चदाब ग्राहकांना 2020 पासून केव्हीएएच मोजणी आहे, म्हणजे कामी न आलेली वीजही मोजली जाते; पॉवर फॅक्टर घसरला की दर तोच राहूनही बिल फुगतं. विलंब आकार किती वेळा लागला? संध्याकाळच्या महाग तासांत पंप किती चालले? आणि जी कार्यालयं हलली, त्यांच्या जुन्या मीटरांचा स्थिर आकार अजून कोण भरतंय?