१८१८ चा ‘रामदरबारी आणा’ कंपनीने पाडलेला नाही

व्हॉट्सॲपवर तो फोटो पुन्हा फिरतोय. तांब्याचं नाणं, एका बाजूला राम, सीता, हनुमान; दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, यू.के.एल., वन आना, १८१८’. इंग्रजांनाही आपल्या देवांची महती पटली म्हणून त्यांनी हे नाणं काढलं आणि आज त्याला लाखांत किंमत येते, असा दावा सोबत असतो.

आधी साल बघू. १८१८ मध्ये कंपनीचं देशभर चालणारं नाणंच नव्हतं. बंगाल, मुंबई, मद्रास या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. एकसारखी नाणी आली ती १८३५ च्या कायद्याने. पेशवाई बुडाली त्या साली पुण्याच्या बाजारात अंकुशी रुपया आणि तांब्याची शिवराई चालत होती.

आता ‘वन आना’. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १८३५ मध्ये कंपनीने तांब्यात अर्धा आणा, पाव आणा आणि पै काढली. अख्खा आणा त्यांत नाही. तो एडवर्ड सातव्याच्या काळात, १९०७ च्या सुमारास आला, तोही तांबे-निकेलचा, नागमोडी कडेचा.

खरा पाव आणा नीट न्याहाळा. एका बाजूला दोन सिंहांनी धरलेलं कंपनीचं चिन्ह, खाली साल. दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात ‘वन क्वार्टर आना’ आणि फारसीत ‘यक पाई’ (इथे पाई म्हणजे पैसा, वरची पै नव्हे). वजन साधारण साडेसहा ग्रॅम. ‘यू.के.एल.’ ही अक्षरं कंपनीच्या अस्सल नाण्यावर नसतात.

देवांबद्दल मात्र एक गोष्ट खरी आहे. मद्रास इलाख्यातल्या कंपनीच्या पॅगोडा नाण्यांवर विष्णू आहे. पण ती सोन्या-चांदीची, आणि दक्षिणेतल्या जुन्या चलनाची परंपरा पुढे चालवणारी. भक्तीचा त्यात संबंध नाही, तिथल्या व्यापाऱ्यांनी नाणं स्वीकारावं हा हेतू होता. फोटोतलं नाणं रामटंक्याच्या धर्तीचं आहे. देवघरात पुजायला अशा टंका बनतच आल्या आहेत. या नगावर कंपनीचं नाव आणि जुनं साल घातलंय, एवढंच.

राहिली किंमत. असल्या नाण्याला लाख द्यायला कोणी तयार झाला आणि आधी ‘नोंदणी फी’ मागू लागला, तर एक पैसाही देऊ नका. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून पैसे उकळले जातात, असा इशारा खुद्द बँकेने २०२१ मध्ये दिला होता. घरात खरा पाव आणा सापडलाच तर त्याला चिंच लावून घासू नका. वरचा तपकिरी थर गेला की त्याची किंमत उतरते.