पत्ता सांगता सांगता भूक मरते
सोलमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाने रात्री फोनवरून तळलेली कोंबडी मागवणे म्हणजे तोंडी परीक्षाच आहे, आणि तीही अशी, की परीक्षक कायम घाईत असतो. ॲपवरून मागवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की तिथे बहुधा स्वतःच्या नावावरच्या कोरियन मोबाइल क्रमांकाने ओळख पटवावी लागते आणि परदेशी कार्ड कित्येकदा नाकारले जाते. मग फोनवाचून गत्यंतर उरत नाही.

अर्धी साधी, अर्धी तिखट-गोड, हे पाठ केलेले वाक्य कसेबसे पार पडते. खरे संकट उलटप्रश्नांचे असते. हाडांसकट की बिनहाडांची, पैसे रोख की कार्डाने, इमारतीच्या मुख्य दाराचा संकेतांक काय, हे सारे एका दमात विचारले जाते. त्यात कोरियन भाषेत आकड्यांसाठी शब्दांचे दोन वेगळे संच, किती नग हवेत हे सांगायला एक आणि पत्त्याला दुसराच, त्यामुळे इमारत १०३, घर १५०२ एवढे सांगेपर्यंत घाम फुटतो. सावकाश बोलण्याची विनंती केली, की तेच वाक्य त्याच वेगाने, फक्त वरच्या पट्टीत ऐकू येते. अहो, आम्ही परदेशी आहोत, बहिरे नाही! काही महाभाग तर उच्चार कानी पडताच सरळ फोन ठेवून देतात.

सोबत फुकट मिळणाऱ्या मुळ्याच्या आंबट फोडी जरा जास्त द्या, असे सांगण्याचा विचार तर मी केव्हाच सोडून दिला आहे.