उजनीचं हिरवं पाणी, ईरीच्या काठावरून

उन्हाळा तापला की उजनीचं पाणी हिरवं पडतं आणि पाठोपाठ तोच वाद सुरू होतो. एकीकडे लाल-पिवळ्या रंगातला उपग्रहाचा नकाशा मोबाइलवर फिरतो, खाली ओळ असते: 'उपग्रहाने उघड केलं उजनीतलं विष.' दुसरीकडचे म्हणतात, आठशे किलोमीटर वरून पाण्याचं काय कळणार, ही सगळी थेरं आहेत. मी अमेरिकेतल्या टोलेडोत राहते, लेक ईरी या सरोवराच्या पश्चिम टोकाला, आणि पाण्याची उपग्रहावरून मोजणी हेच माझं काम आहे. मला दोन्ही बाजूंचा सारखाच संताप येतो. नकाशा पडताळायला पाण्याचा नमुना कुणी घेतला, कुठे घेतला, किती वाजता घेतला, हे दोघांपैकी एकही विचारत नाही.

उपग्रहाला दिसतो तो पाण्यातून वर आलेला प्रकाश, बाकी काही नाही. शेवाळातलं क्लोरोफिल ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतं, आणि शेवाळ दाट असेल तर ७०५ च्या आसपास परावर्तन उसळी घेतं. हे दोन्ही पट्टे सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहावर आहेत. त्यांच्या फरकाला बेरजेने भागलं की एक निर्देशांक मिळतो, आणि फिरणारे बहुतेक नकाशे त्याचेच असतात. नीलहरित शेवाळाची खास खूण म्हणजे फायकोसायनिन. ते ६२० नॅनोमीटरला शोषतं आणि तो पट्टा सेंटिनेल-२ वर नाही. सेंटिनेल-३ वर आहे, पण त्याचा पिक्सेल ३०० मीटरचा. उजनीच्या रुंद पात्रात तो चालून जातो. रंकाळ्यावर काठाचे पिक्सेल वगळले की हातात काही उरत नाही. याशिवाय गढूळपणा, पारदर्शकता आणि पृष्ठभागाचं तापमान कळतं. मैल्यातले जिवाणू, नायट्रेट, फॉस्फेट, जड धातू, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) आणि खुद्द शेवाळाचं विष यांतलं काहीही आकाशातून दिसत नाही. त्यामुळे 'विष' ही ओळ सरळ सरळ खोटी आहे.

नकाशा करतानाच्या चुका तर ठरलेल्या आहेत. लोक तयार, हवेचा परिणाम काढून दुरुस्त केलेली प्रतिमा उतरवतात. ती दुरुस्ती जमिनीसाठी केलेली असते. पाण्यावर उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला बहुतांश भाग हवेचाच असतो, म्हणून मूळ प्रतिमा घेऊन ती अकोलाइटसारख्या, पाण्यासाठी लिहिलेल्या प्रणालीतून काढावी लागते. दुसरी चूक जास्त घातक, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. १०,००० ने भागण्याआधी ते वजा करायचे असतात. समजा लाल पट्ट्यात परावर्तन ०.०३ आहे आणि शेजारच्यात ०.०६. निर्देशांक येतो ०.३३, म्हणजे दाट शेवाळ. ते १००० वजा करायचे राहिले तर हेच आकडे ०.१३ आणि ०.१६ होतात आणि निर्देशांक ०.१० वर येतो. जमिनीवर हा फरक एक वेळ खपून जाईल, पाण्यावर सगळा निष्कर्षच फिरतो. २०२१ चा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवून 'उजनी सुधारली' म्हणणाऱ्याने आधी हे तपासावं.

इथून मला एक गोष्ट आयती उचलता येत नाही, ती म्हणजे सूर्य. ईरीवर तो तिरपा असतो. उजनीवर सेंटिनेल-२ सकाळी साधारण अकरा-सव्वाअकराला जातो आणि मे महिन्यात तोवर सूर्य जवळपास डोक्यावर आलेला असतो. लाटांवरची चकाकी थेट कॅमेऱ्यात शिरते आणि प्रतिमेचा आख्खा भाग पांढुरका होतो. ती ओळखून ते पिक्सेल टाकून द्यावे लागतात. त्यात धरणाचं पाणी उतरत जातं. जानेवारीत पाणी म्हणून आखलेली हद्द मे महिन्यात चिखल असते आणि ओल्या चिखलावरची हिरवळ नकाशात 'शेवाळ' होऊन बसते. जलपर्णीचंही तेच. म्हणून पाण्याची हद्द प्रत्येक तारखेला नव्याने काढायची आणि काठापासून दोन-तीन पिक्सेल सोडून द्यायचे. उजनीच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: शेवाळाचे महिने कोरडे असतात, आभाळ मोकळं असतं. कोकण किनाऱ्याचं नेमकं उलट आहे. नद्या सगळी घाण समुद्रात लोटतात ती पावसाळ्यात, आणि तेव्हाच ढगांमुळे हा कॅमेरा आंधळा असतो.

आता 'थेरं' म्हणणाऱ्यांसाठी. २ ऑगस्ट २०१४ ला टोलेडोने चार लाखांहून जास्त लोकांना सांगितलं, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका. उकळल्याने मायक्रोसिस्टिन, म्हणजे शेवाळाचं विष, जात नाही, पाणी आटून ते आणखी दाट होतं. बंदी उठली ४ ऑगस्टला. ६२० चा पट्टा असलेला युरोपचा उपग्रहावरचा कॅमेरा मेरिस एप्रिल २०१२ मध्ये बंद पडला होता आणि त्याच्या जागी येणारा सेंटिनेल-३ फेब्रुवारी २०१६ ला उडणार होता, म्हणून त्या उन्हाळ्यात नासाच्या मोडिस कॅमेऱ्यावर भागवलं जात होतं. शेवाळ उपग्रहावर दिसत होतं, पण विष सापडलं ते जलशुद्धीकरण केंद्रातल्या चाचणीत. दोन्ही लागतं, हे इथे कुणाला पटवावं लागत नाही. मोसमात दर आठवड्याला बोट ठरलेल्या जागी जाते, पाणी आणते आणि आकडे सगळ्यांसाठी खुले होतात. वॉलाय माशांच्या मोसमात गिऱ्हाइकं नेणारे बोटवालेसुद्धा बाटल्या भरून देतात.

आपल्याकडे नमुने घेतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. महिन्याच्या महिन्याला घेतले जातात. पण राष्ट्रीय कार्यक्रमाचे नऊ मूळ निकष पाहा: तापमान, पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, नायट्रेट, नायट्राइट आणि दोन प्रकारचे कोलिफॉर्म जिवाणू. यातलं तापमान सोडलं तर उपग्रहाला काहीच दिसत नाही, आणि उपग्रहाला जे उत्तम दिसतं ते क्लोरोफिल या यादीत नाही. दोन नोंदवह्या आहेत, त्यांची गाठच पडत नाही. हिरव्या पाण्यात तर ऑक्सिजनचा आकडा फसवतोच. दुपारी शेवाळ भरभरून ऑक्सिजन सोडतं, बाटली झकास निघते. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढून घेतं, म्हणून मासे मरतात ते पहाटे.

'तिकडे बसून बोलायला काय जातं' हे उत्तर मला पाठ आहे, आणि त्यात तथ्य आहे. ईरीवरची बोट, प्रयोगशाळा, जुन्या नोंदी मला आयत्या मिळाल्या, दुसऱ्यांनी उभ्या केलेल्या. आणि ईरी आजही दर उन्हाळ्यात हिरवं होतं. मॉमी नदीतून शेतातलं फॉस्फरस येतच राहतं. २०१५ मध्ये ओहायो, मिशिगन आणि ओंटारिओने ते २०२५ पर्यंत ४० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं होतं, ते साधलं नाही. उपग्रहाने पाणी स्वच्छ होत नाही, इथेही नाही. पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेत येतं तोवर उजनी हिरवीच राहणार. तरीही मला ते मोजलेलं हवं आहे. माझ्या माहेरी, सोलापुरात, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं ते याच धरणाचं. ईरीच्या कुठल्याही कोपऱ्याबद्दल मी आकडा छातीठोक सांगू शकते. उजनीचा नकाशा मी घरी काढते आणि कुणाला पाठवत नाही, कारण तो पडताळायला माझ्याकडे तारीख-वेळेचा एकही क्लोरोफिलचा नमुना नाही. ज्या पाण्यावर मी वाढले त्याबद्दल मला कामाच्या भाषेत काही बोलता येत नाही. परकेपणा मला सगळ्यात जास्त तिथे जाणवतो, इथल्या बर्फात नाही.

आणि हे जमण्यासारखं आहे. भिगवण-कुंभारगावचे बोटवाले फ्लेमिंगो दाखवायला सकाळी पाण्यात असतातच. उपग्रह कोणत्या दिवशी येणार हे आधीच जाहीर असतं. २० सेंटीमीटरची काळी-पांढरी सेक्की तबकडी बोटीच्या सावलीच्या बाजूने सोडायची, दिसेनाशी होते ती आणि परत दिसते ती खोली लिहायची. नमुना वरचा तवंग ओढून न घेता हातभर खालून घ्यायचा, गडद बाटलीत, बर्फात, उपग्रहाच्या आधी-नंतर तीन तासांच्या आत. वारा होता की पडला होता हे लिहायचंच, कारण वारा पडला की शेवाळ वर तरंगतं आणि उपग्रहाचा आकडा बाटलीशी जुळत नाही. त्याच दिवशी काचतंतूंच्या फिल्टरवर गाळायचं, हिरव्या पाण्याला १००-२०० मिली पुरे. फिल्टर ९० टक्के ॲसिटोनमध्ये रात्रभर अंधारात, फ्रिजमध्ये ठेवायचा, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाश किती शोषला हे मोजणाऱ्या यंत्रावर) ६६४ आणि ७५० नॅनोमीटरला वाचायचं. हे यंत्र बऱ्याच विज्ञान महाविद्यालयांत असतं. मार्च ते मे, दर पाच दिवसांनी, सहा जागा: अठरा फेऱ्या आणि शंभराहून थोडे जास्त फिल्टर. कुणी हे आकडे अक्षांश-रेखांश आणि वेळेसकट खुले ठेवले, तर त्या त्या दिवशीच्या प्रतिमेशी ताडून द्यायचं काम माझं.