"सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?"

पोस्ट मोठी आहे. आयसीयूत नाइट करून आलेय आणि झोप येत नाहीये, म्हणून 'नर्स प्रॅक्टिशनर'बद्दल, म्हणजे जादा शिकून ठरलेल्या चौकटीत उपचारही ठरवणाऱ्या नर्सबद्दल, लिहितेय.

रात्री तीनला पाच नंबर बेडचं बीपी पडायला लागलं. सेप्सिसचा (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला) पेशंट, नॉरॲड, म्हणजे बीपी टिकवायचं औषध, सहावर चालू, दोन तास लघवी जवळजवळ नाहीच. रेसिडेंट, म्हणजे ड्युटीवरचा शिकाऊ डॉक्टर, खाली कॅज्युअल्टीत दुसऱ्या कुणाला तरी श्वासाची ट्यूब टाकत होता. फोन लावला. पोरगा हुशार आहे, पण आयसीयूत येऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झालेत. म्हणाला, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" म्हटलं, "आठ करते, एबीजी पाठवते, लॅक्टेट बघू." "करा, करा. मी येऊन सही करतो." सही झाली पावणेसहाला. (एबीजी आणि लॅक्टेट म्हणजे रक्ताच्या तपासण्या.) मी नोट्समध्ये लिहिलं, 'व्हर्बल ऑर्डरप्रमाणे', म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी सांगण्यावरून.

आयसीयूत दहा-बारा वर्षं काढलेली कुठलीही सिस्टर, कुठलाही ब्रदर हे वाचून नुसता हसेल. ठरवतो आम्ही, ऑर्डर त्यांची. निभावलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आधीच्या एका हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही) अशीच एक सही राहून गेली, नातेवाइकांनी तक्रार केली आणि मेमो निघाला माझ्या नावानं. डॉक्टरांना म्हणे असा फोन आल्याचं आठवत नव्हतं.

त्यामुळे 'नर्स प्रॅक्टिशनर' म्हटलं की "आता नर्सना डॉक्टर व्हायचंय वाटतं" असं जे कुणीतरी हमखास म्हणतं, ते मला झोंबतं. अहो, मी रोज रात्री जे करते तेवढंच कागदावर लिहून द्या. कुठवर मी ठरवायचं, कुठल्या आकड्याला डॉक्टरांना उठवायचंच, आणि चुकलं तर त्यात माझं किती. चुकीची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे. दुसऱ्याच्या न झालेल्या सहीची घ्यायला नाही.

बरं, कोर्स आपल्याकडे नाही असंही नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं २०१६-१७ च्या सुमारासच क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणला. बीएस्सी नर्सिंग, वॉर्डातला अनुभव, मग दोन वर्षांची रेसिडेन्सी, आणि त्यातला बहुतेक वेळ वर्गात नाही, बेडजवळ. अभ्यासक्रम उघडून बघा, उत्तम आहे. पास झालं की राज्याच्या कौन्सिलकडे जादा पात्रता म्हणून नोंद होते. औषधांचं मात्र सगळं संस्थेच्या प्रोटोकॉलवर, स्टँडिंग ऑर्डरवर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या नियमांवर. म्हणजे हॉस्पिटलनं प्रोटोकॉल लिहिला तर अधिकार, नाही लिहिला तर कोर्स केलेली आणि न केलेली मी, सारख्याच. माझी एक ज्युनिअर हे शिकून आली. आज ती त्याच रोस्टरवर आहे, तिच्या बॅजवर अजून 'स्टाफ नर्स'च आहे आणि तीसुद्धा 'व्हर्बल ऑर्डरप्रमाणे'च लिहिते.

गंमत म्हणजे २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याच्या कलम ३२ मध्ये 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ला, म्हणजे डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकाला, उपचार करायचं मर्यादित लायसन्स द्यायची तरतूद आहे. तेव्हा आयएमएनं, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेनं, देशभर संप केला होता, आठवत असेल. भोंदूगिरी वाढेल ही त्यांची भीती मला अगदीच खोटी वाटत नाही. पण नीट शिकलेल्या, नोंदणी झालेल्या माणसाला चौकट आखून द्यायची नाही आणि काम मात्र करून घ्यायचं, हे कशात बसतं?

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण १९६५ मध्ये कोलोरॅडोत सुरू झालं. लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून. तिथंही खेड्यापाड्यात डॉक्टर पुरत नव्हते. माझी मामेबहीण टेक्सासमध्ये फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. आधी आरएनची (नोंदणीकृत नर्सची) परीक्षा, मग मास्टर्स, मग बोर्डाची परीक्षा, मग राज्याचं वेगळं लायसन्स. एवढं करूनही टेक्सासमध्ये प्रिस्क्रिप्शन लिहायला डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो. एल पासोहून गाडी काढली की थोड्या वेळात न्यू मेक्सिको लागतं, आणि तिथलं लायसन्स असेल तर हा करार लागतच नाही. मी तिला विचारलं, हद्द ओलांडली की अक्कल वाढते का गं? ती म्हणाली, "नाही ताई, कायदा बदलतो."

तिथलं सगळं उचलून इथं आणा असं मी म्हणत नाही. कित्येक वर्षं तिथं किमान ५०० तासांच्या क्लिनिकल ट्रेनिंगवर भागत होतं, अलीकडे नव्या निकषांत ते ७५० झालं. हेसुद्धा मला कमीच वाटतं. त्यात थिअरी ऑनलाइन, आणि क्लिनिकलला शिकवणारा प्रीसेप्टर तुमचा तुम्ही शोधा. बहिणीनं बावीस दवाखान्यांना फोन केले होते. या बाबतीत आपला दोन वर्षांचा कोर्स मला उजवा वाटतो. आपलं घोडं पुढे पेंड खातं: पद नाही, पगाराची श्रेणी नाही, सहीचा रकाना नाही. २०२३ मध्ये १९४७ च्या जुन्या नर्सिंग कायद्याच्या जागी आणायचा नवा कमिशन कायदा संसदेत मंजूर झाला. आता तरी कुणी तो रकाना छापावा.

तोवर माझी आपली सोय. खिशावर मायक्रोपोरची (कागदी चिकटपट्टीची) पट्टी चिकटवते आणि फोन झाला की तिथंच वेळ, डोस आणि डॉक्टरचं नाव लिहिते. आज सकाळी मशीनला कपडे लावताना नवऱ्यानं ती काढून आणून दिली. '३.०५, नॉरॲड ६ चं ८', पुढे नाव. म्हणाला, "ही टाकायची की ठेवायची?"

ठेवलीय.