असू देत हो, बूट!

"असू देत हो बूट, काढू नका!" असं म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, डोळ्यांकडे बघावं. डोळे नुकत्याच पुसलेल्या फरशीवरचे तुमचे ठसे मोजत असतात. परवा मी तोंडावर विश्वास ठेवला. दोन पावलं टाकली नाहीत तोच आतून आवाज आला, "कोण गं ते बूट घालून आलंय?" आलो गुमान माघारी.

बूट काढायची रीत सोपी आहे. आधी बसायचं, सुरगाठ सोडायची, नाडी खालच्या दोन भोकांपर्यंत सैल करायची, जीभ पुढे ओढायची आणि टाचेला धरून बूट उतरवायचा. यातलं 'बसायचं' कुठल्याच दाराशी जमत नाही. गुडघ्याएवढं स्टूल जिथे हवं, तिथे शोभेची कुंडी असते. मग एका पायावर उभं राहायचं आणि हात भिंतीला टेकायचा. भिंतीवर डाग पडला की तो दुसरा गुन्हा.

समोर सोफ्यावर एक काका होते. ते यजमानांचे कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"उजवं टोक ओढा."

ओढलं.

"अहो, माझ्याकडून उजवं!"

तोवर निरगाठ बसली होती. मोकळं टोक सुरगाठीच्या फासात शिरलेलं असलं की ओढाल तेवढी ती आवळते. काका उठले, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि माझ्या पायाशी उकिडवे बसले.

"मुळात गाठच उलटी आहे तुमची. फुलाचे कान बुटावर आडवे बसायला हवेत. तुमचे बघा, टाचेकडून चवड्याकडे उभे! दुसरा फेरा पहिल्याच्या उलट दिशेने घ्यायचा असतो."

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. उभी गाठ चालता चालता सुटते, म्हणून माणूस तिच्यावर आणखी एक मारून ठेवतो आणि परक्या दाराशी नेमकी तीच नडते.

"दाभण आहे का गं घरात?"

"काका, राहू द्या ना."

"राहू कसं द्या? मघाशी राहू दिलेत का बूट?"

दाभणाने गाठ सुटली. बुटातून पाय बाहेर आला आणि मोज्यातून अंगठा. चालताना अंगठा वर उचलला जातो आणि नख आतून घासत राहतं, त्यामुळे मोजा आधी तिथेच जातो.

"नखं काढत जा," काका म्हणाले आणि खिडकी उघडायला गेले.

खिडकीची काही गरज नव्हती. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. दमट बुटात जिवाणू त्याच्यावर ताव मारतात, वास त्यांचा. एकदा वापरलेला बूट दिवसभर वाळू द्यावा आणि दोन जोड आलटून पालटून वापरावेत. मी वापरतो. पण हे खिडकीला कोण सांगणार?

पुढे हात धुवायला गेलो, तर दारात ओलंचिंब पायपुसणं. मोज्याने ते टीपकागदासारखं टिपलं. यजमान मात्र घरातल्या चपला घालून कोरडे फिरत होते. पाहुण्यासाठी एक जास्तीचा जोड ठेवायला काय होतं? बूट काढायला लावा, खुशाल लावा. पण मग येण्याआधीच सांगा, नाडीचे घालून येत नाही. आणि ती कुंडी हलवा.

निघताना वाकून नाडी बांधली. काकाही वाकले. कान आडवे बसले.

"हं, जमलं," ते म्हणाले. "आता दुसरा."