कागदी टायगर आणि अचूकतेचा प्रश्न

आपण दोन आक्षेप घेतले आहेत. कागदाला खरी गोलाई येत नाही, त्यामुळे टायगर या दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्याची १:२५ प्रमाणातील ही प्रतिकृती शोभेची म्हणता येईल, अचूक नव्हे, हा पहिला. आणि ट्रॅकची (चाकांभोवती फिरणाऱ्या कड्यांच्या पट्ट्याची) छापील पट्टी चिकटवून भागत असताना त्याची कडी अन् कडी कापत बसणे ही निव्वळ हौस आहे, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते सरसकट लागू होत नाही. कागद एका दिशेने हवा तसा वळतो, एकाच वेळी दोन दिशांना वळत नाही. म्हणूनच ओतीव, गोलसर अंगाचा एम४ए१ शर्मन हा अमेरिकी रणगाडा मी कागदात करायला घेणार नाही. टायगरचे कवच मात्र बहुतांशी सपाट प्लेटांचे आहे, आणि त्याच्या टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) दोन्ही बाजू व पाठ मिळून साधारण ८० मिलिमीटर जाडीची एकच प्लेट नालेच्या आकारात वाकवलेली आहे. कारखान्यात पोलादाचे जे केले, तेच येथे कागदाचे करायचे असते. कमांडरच्या झडपेखालचा मनोराही सुरुवातीच्या गाड्यांत सरळ नळकांड्यासारखा होता, १९४३ मध्ये तो ओतीव घुमटाकार झाला. मी आधीची गाडी निवडली ती याच कारणाने (इतिहासाची आवड वगैरे समर्थने नंतरची). तोफेच्या मुळाशी असलेली ओतीव ढाल तेवढी थर चिकटवून, सुपरग्लूने कडक करून घासावी लागते, आणि तेथे आपली टीका मला मान्य आहे.

आपण प्लास्टिक किटचा दाखला देता, म्हणून जाडीचा हिशेब मांडतो. १:३५ च्या किटमधील अर्ध्या मिलिमीटरचा मडगार्ड मूळ मापात साडेसतरा मिलिमीटरचा होतो. असा मडगार्ड कोणत्या रणगाड्याला असतो? पातळ पत्र्याच्या बाबतीत कागदच मूळ मापाच्या अधिक जवळ जातो.

आता ट्रॅक. टायगरच्या प्रत्येक ट्रॅकला ९६ कड्या, आणि एका कडीचा टप्पा १३० मिलिमीटर, म्हणजे १:२५ मध्ये ५.२ मिलिमीटर. खरी कडी ताठ असते, वाकतो तो फक्त पिनेचा सांधा, त्यामुळे दातेरी चाकाभोवती ट्रॅक कोनाकोनाने वळतो. छापील पट्टी तेथे गुळगुळीत कमान धरते. शिवाय या गाडीला वरच्या बाजूचे आधाररोलर नाहीत, ट्रॅक थेट चाकांवर रेलतो, आणि तो भार पट्टीत दिसत नाही. पट्टीच वापरायची असेल, तर निदान दर ५.२ मिलिमीटरवर मागून बोथट पात्याने रेघ ओढून घडी पाडावी आणि वरचा भाग चाकांवर दाबून चिकटवावा. नुसता सोडला तर तो उसळून वर येतो.